कानाचे पुस्तक

मराठी मुलाच्या हातात पहिल्यांदा येणारे पुस्तक कोणते, याचे उत्तर साहित्याच्या इतिहासात शोधून उपयोग नाही. ते स्टेशनरीच्या दुकानात सापडते. जून महिन्यात, पाट्यांच्या शेजारी, दोरीला लटकवलेले. त्याला कोणी अंकलिपी म्हणते, कोणी उजळणी. मुखपृष्ठावर हसरी मुले, आत चित्रांसह मुळाक्षरे, मग बाराखडी, थोडी जोडाक्षरे, एक ते शंभर, दोन ते तीसचे पाढे, शेवटी वार, महिने, ऋतू, दिशा. लेखकाचे नाव बहुधा नसते, असले तरी कोणी पाहत नाही. एवढ्या पिढ्यांनी वापरलेल्या या पुस्तकाचे परीक्षण छापायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. कादंबरीतली एक व्यक्तिरेखा फसली तर आपण चार पाने लिहितो. इथे फसतो तो वाचायला शिकणारा मुलगा.

मी साताऱ्यात बावीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. अजूनही चार-पाच मुले येतात. मागची खोली, एक सतरंजी, भिंतीला टेकवलेला फळा, संध्याकाळी पाच ते सात. वाचन, लेखन, गणित. सुताराच्या हाताशी पटाशी असावी तशी अंकलिपी माझ्या हाताशी असायची. त्यामुळे हे परीक्षण परक्याने केलेले नाही. या पुस्तकाच्या चुकांत मी भागीदार आहे, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : अंकलिपी हे डोळ्यांसाठी छापलेले, पण कानासाठी रचलेले पुस्तक आहे. ते वाचायचे नसते, म्हणायचे असते. यात मुळात दोष नाही. पंतोजींच्या शाळेत मुले धुळाक्षरे गिरवत आणि बाकीचा वेळ मोठ्याने म्हणण्यात जाई. पुस्तके नव्हती, कागद महाग होता, म्हणून ज्ञान तोंडात साठवायचे. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा पाठ होता. सोळा आण्यांच्या रुपयात हिशेब करणाऱ्याला ते लागत असे. सव्वासहा आणे शेराने साडेतीन शेर किती, हे ते बोलता बोलता सांगत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे वजनेही बदलली आणि त्या पाढ्यांचा आधार गेला. माझ्या लहानपणीच्या अंकलिपीत ते तरीही होते. नंतर हळूहळू गळाले. म्हणजे हे पुस्तक बदलतच नाही असे नाही. बाजाराला नको ते ते टाकते. मुलाला कळत नाही ते मात्र टाकत नाही, कारण मूल गिऱ्हाईक नसते.

मुळाक्षरांचे पान घ्या. अ अननसाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औषधाचा, ठ ठशाचा. चित्र पाहून मुलाच्या तोंडून त्या वस्तूचे नाव आपोआप निघावे आणि नावाच्या सुरुवातीचा ध्वनी अक्षराला चिकटावा, अशी ही युक्ती आहे. युक्ती चांगली आहे. पण ती चालायला मुलाने त्या चित्राला तेच नाव द्यायला हवे. एडक्याचे चित्र दाखवून मी विचारले की माझ्याकडची मुले म्हणतात, “मेंढी.” म्हणजे ए शिकायला निघालेले मूल म वर पोचते. औषधाची बाटली दाखवली तर “बाटली”. ऐरण कोणी पाहिलेलीच नाही. मग आपण सांगतो, “याला एडका म्हणायचं.” आता अक्षर लक्षात ठेवायला चित्राची मदत होत नाही, उलट चित्राचे नाव लक्षात ठेवायचे काम वाढते. ण साठी बाण येतो, कारण ण ने सुरू होणारा शब्दच आपल्याकडे नाही. तिथे सुरुवातीच्या ध्वनीचा नियमही मोडतो आणि कोणी खुलासा करत नाही. मूल बिचारे ब म्हणते आणि ओरडा खाते.

याच्यापुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा. सगळी मुळाक्षरे झाल्याशिवाय काना-मात्रा नाही, हा अंकलिपीचा क्रम. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने मूल फक्त गगन, नयन, शरद, मगर, बदक असले शब्द वाचते. आता त्याच्या स्वतःच्या घरातले शब्द पाहा : आई, बाबा, पाणी, भाकरी, चहा, शाळा, गाडी, आजी. सगळ्यांना काहीतरी लागलेले आहे. बिनकान्याचे ‘घर’ तेवढे आहे, त्यातली माणसे नाहीत. वाचन म्हणजे आपल्या माहितीचे काही नाही, बाई म्हणतात म्हणून करायचा आवाज आहे, ही समजूत इथे पक्की होते. अमेरिकेत जन्मलेल्या आणि फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याचा जो मार्ग घातला, त्यात ही साखळी तोडलेली आहे : थोडी अक्षरे, थोडी स्वरचिन्हे आणि लगेच अर्थाचे शब्द. साताऱ्याहून फलटण एसटीने जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. पण माझ्या खोलीपर्यंत ही गोष्ट यायला फार वर्षे लागली. शिकवणी घेणाऱ्या बायकांना कोणी प्रशिक्षणाला बोलावत नाही. आमचे प्रशिक्षण म्हणजे तीच दोरीला लटकलेली अंकलिपी.

बाराखडीबद्दल बोलताना जपून बोलावे लागते, कारण ती आपल्या जिवाची आहे. तिची रचना खरोखर सुंदर आहे. व्यंजन आणि स्वर यांचे नाते इतक्या स्वच्छपणे मांडणारा तक्ता कोणत्याही लिपीला भूषण ठरेल. पण तक्ता डोळ्यांनी उभा-आडवा पाहायचा असतो आणि आम्ही तो चालीत म्हणवून घेतो. क पासून कः पर्यंत न अडखळता जाणाऱ्या मुलीला मी मधल्याच ‘कू’ वर बोट ठेवून विचारले, तर ती हळूच ओठांत क पासून सुरुवात करते आणि मोजत मोजत तिथवर येते. तिला अक्षर येत नाही, जागा येते. लिहिण्याचेही तेच. ‘माझी आई’ दहा वेळा लिही म्हटले की मूल आधी पानभर खाली खाली दहा मा लिहिते, मग दहा झी, मग दहा आ. ज्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या आहेत त्यांना हे नवीन नाही. पाढे लिहितानाही साताचा उभा स्तंभ, गुणाकाराच्या चिन्हांचा स्तंभ, मग एक ते दहा. पान भरते, अक्षर वळणदार येते, मी बरोबरची खूण करते. त्या पानावर ‘आई’ हा शब्द एकदाही लिहिला गेलेला नसतो.

आता आकडे. अंकलिपीचे सर्वांत अवघड पान एक ते शंभरचे आहे आणि तेच सर्वांत सोपे समजले जाते. तीन हा अंक मराठी संख्यानामांतून कसा कसा जातो ते म्हणून पाहा : तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. सहाचे तर विचारूच नका : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. पन्नाशीत ‘पन्नास’ कुठे ऐकू येते? बावन्नमध्ये वन्न, चोपन्नमध्ये पन्न. एकोणीस ते एकोणनव्वदपर्यंत नऊचा उच्चार नाही, पुढच्या दशकातून एक वजा आहे. आणि नियम बसला असे वाटते तोवर नव्व्याण्णव येऊन तो मोडते. एकोणचाळीस म्हटल्यावर ४१ लिहिणारे मूल ढ नसते. त्याने ‘एक’ ऐकला, ‘चाळीस’ ऐकले आणि दोन्ही प्रामाणिकपणे लिहिले. ही नावे संस्कृत-प्राकृतातून झिजत झिजत आली आहेत आणि भाषेचा अभ्यासक त्यांवर प्रेम करील. सहा वर्षांच्या मुलाला मात्र शंभर वेगवेगळी नावे पाठ करावी लागतात.

आणि या सगळ्याच्या वर उलटा क्रम. त्रेसष्टमध्ये आपण आधी तीन म्हणतो, मग साठ. लिहितो आधी सहा, मग तीन.

इथे मला एक मुलगा सांगायचा आहे. तिसरीतला, शांत, चौकटीची वही फार स्वच्छ ठेवणारा. मी आकडे सांगायची, मुले लिहायची. मी “त्रेसष्ट” म्हटले की तो एक चौकट मोकळी सोडून पुढच्या चौकटीत तीन लिहायचा आणि मग मागे येऊन मोकळ्या चौकटीत सहा. उत्तर बरोबर यायचे, पण मला ती पद्धत गबाळी वाटायची. मी सांगितले, “आकडे डावीकडून लिहायचे असतात. मागे यायचं नाही.” मुलगा आज्ञाधारक होता. त्याने डावीकडून लिहायला सुरुवात केली : जे आधी ऐकले ते आधी. ३६. त्यानंतर त्याची गणिते चुकायला लागली. त्रेसष्टातून सत्तावीस वजा करायला सांगितले की विशीतला आकडा पाठ असल्याने बरोबर, वरचा उलटा. हातचा नीट घेऊनही उत्तर नऊ. मी हातच्याची वजाबाकी पुन्हा शिकवली. पुन्हा शिकवली. त्याचा हातचा कधीच चुकलेला नव्हता. कानातला क्रम कागदावर आणण्यासाठी त्याने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय, एक बिनचूक रीत शोधली होती आणि ती मी मोडली. पाचवीला तो दुसऱ्या शाळेत गेला तेव्हा याला गणित जमत नाही हे त्याच्या घरी ठरून गेले होते.

गंमत अशी की हीच उलटापालट आपण दुसऱ्या एका ठिकाणी मुलाला मुकाट्याने करायला लावतो. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो, इ नंतर. लिहिताना वेलांटी आधी. पहिलीतली मुले क काढतात आणि मग डावीकडे वेलांटी कोंबायला जागा शोधतात, ती मागच्या अक्षरावर चढते. तिथे आपण म्हणतो, “अरे, आधी वेलांटीची रेघ.” म्हणजे अक्षरात आणि अंकात एकच अडचण आहे : जे नंतर बोलले जाते ते डावीकडे लिहिले जाते. बावीस वर्षांत वाचनाची वही एका बाजूला आणि गणिताची दुसऱ्या बाजूला ठेवल्याने ही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. अंकलिपीतही ही दोन पाने जवळजवळ असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

मला ती दिसली ती २०१९च्या जूनमध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, बावीसला ‘वीस दोन’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रात आठवडाभर हसू आणि संताप यांचा पूर आला. विधिमंडळात विनोद झाले, आडनावांवर कोट्या झाल्या, मराठी बुडाली असे अग्रलेख आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातात, इंग्रजीत आणि दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येते, आणि जुनी नावे काढून टाकलेली नाहीत. माझ्या परिचयातले बहुतेक लोक चिडले होते. मी वर्तमानपत्र हातात धरून त्या चौकटीच्या वहीचा विचार करत होते.

तरीही त्या बदलाची समीक्षा करायला हवी, कारण विनोद करणाऱ्यांनी ती केली नाही आणि बाजू घेणाऱ्यांनीही नाही. ‘साठ तीन’ने संख्येची बांधणी उघडी होते हा मोठा लाभ आहे. मी ते वापरू लागल्यावर दोन आठवड्यांत फरक दिसला. पण भाजीवाला साठ तीन म्हणत नाही, आजी म्हणत नाही, कंडक्टर म्हणत नाही. मुलाला ‘त्रेसष्ट’ ऐकून ६३ लिहावेच लागणार. म्हणजे नवी नावे हा पूल आहे, पलीकडचा काठ नव्हे. आणि पुलावरून न्यायला कोणीतरी लागते. वादात सगळे बोलले ते पुस्तकात काय छापावे यावर. नॉर्वेने १९५१ मध्ये असाच बदल सरकारी निर्णयाने केला, एकक आधी म्हणण्याऐवजी दशक आधी. तिथेही जुनी रीत बोलण्यातून पुरती गेली नाही, माणसे दोन्ही वापरत राहिली. जर्मन मुले तर आजही आधी एकक ऐकतात आणि आधी दशक लिहितात. म्हणजे आपली अडचण मागासपणाची नाही. ती अडचण आहे एवढे आपण मान्य केलेले नाही, इतकेच.

मोजमाप करणाऱ्यांनी तरी ती पाहिली का? ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीचे मला मोल वाटते. अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एकअंकी आकडे, दोनअंकी आकडे, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका कागदावर मावणाऱ्या या कसोटीने देशाला सांगितले की शाळेत जाणे आणि शिकणे या दोन गोष्टी आहेत. पण त्यात आकडा छापलेला असतो आणि मूल तो वाचते. डोळ्याकडून तोंडाकडे. माझा मुलगा त्या कसोटीवर बहुधा पास झाला असता, कारण छापलेल्या ६३ ला तो त्रेसष्ट म्हणत असे. त्याची गाडी उलट्या वाटेवर, कानाकडून हाताकडे येताना घसरत होती. चौथीपर्यंतच्या वर्गात शिक्षक बोलतात आणि मूल लिहिते, तेव्हा ही वाट रोजची आहे.

शिकवणीच्या उपयोगाबद्दल मुंबईतूनच आलेला एक पुरावा आहे. तिथल्या आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नेमल्या : वस्तीतल्याच तरुण मुली, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसणाऱ्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांच्या गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली, आणि या प्रकारच्या कामात ती दखल घेण्याजोगी मानतात. या निबंधाचा उल्लेख करणारे इथे थांबतात. पुढची ओळ अशी, की कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मोजले तेव्हा ती वाढ ०.१० च्या आसपास उरली होती. मला त्यात निराशाजनक काही वाटत नाही. माझ्याकडची मुले मे महिन्याच्या सुट्टीनंतर कशी येतात हे मी पाहते. पण शेजारची बारावी शिकलेली मुलगी जवळ बसली की मूल पुढे सरकते, आणि ती उठली की बरेचसे मागे येते, हे दोन्ही खरे धरून पुढचा प्रश्न विचारायला हवा : ती बसली तेव्हा तिच्या हातात काय होते? आमच्या गावात तरी ते दोरीला लटकलेले पुस्तक असते. ‘असर’च्याच २०२२च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीतली ३०.५ टक्के मुले पैसे देऊन शिकवणी लावतात. २०१८ मध्ये हा आकडा २६.४ होता. म्हणजे माझ्यासारख्या खोल्या वाढत आहेत.

आणि या खोल्यांचा एक धर्म आहे, तो सांगितल्याशिवाय हे परीक्षण अप्रामाणिक होईल. शिकवणी ऐकू यावी लागते. आई ओट्यावर थांबलेली असते, कुणी भाजी निवडत, कुणी मोबाईल पाहत. आतून वीस मुलांचा असावा तसा चार मुलांचा एकसुरी आवाज आला की तिला फी वसूल झाल्याचे कळते. काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधणे ऐकू येत नाही. दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी सतरंजीवर मांडून “साठ तीन, म्हणजे त्रेसष्ट” असे हळू आवाजात चाललेले असते तेव्हा बाहेर शांतता असते. मी पाढे म्हणवणे बंद केले त्या वर्षी दोन मुली गेल्या. एकीची आई बोलायला आली. घरकामे करून फी भरणारी बाई, तिला मी काय सुनावणार?

“बाई, तुमच्याकडं काय चालतं ते काय कळंना. खेळच चालू असतोय. माझ्या मावसबहिणीची पोरगी सतराचा पाढा म्हणती.”

मी म्हटले, “तुमच्या मुलीला आता दुकानात पाठवा. हिशेब करून येईल.”

“दुकानात मीच जाते की. परीक्षेत पाढे विचारत्यात.”

तिचे चुकले नव्हते. परीक्षेत विचारतात, पाहुण्यांसमोर विचारतात, आणि सतराचा पाढा येणे वाईट कसे असेल? माझ्या आजोबांचे डोके त्यावरच चालायचे. पण त्यांनी पाढा पाठ केला तेव्हा समोर धान्याची रास होती आणि आण्यांचा भाव होता.

अलीकडे मी तडजोड केली आहे. पाच ते पावणेसात काड्या, नोटा, मुलांनी स्वतः सांगितलेल्या वाक्यांचे वाचन. आकडे सांगताना कोणी चौकट मोकळी सोडून मागे येत असेल तर मी काही बोलत नाही. पावणेसातला उठून मी खोलीचे दार उघडते, मुले भिंतीला टेकून बसतात आणि बे एके बे पासून सुरुवात होते. बारापर्यंत मीही म्हणते. तेराला आवाज थोडा खाली येतो, तेवढ्यात बाहेर चपला सरकल्याचा आवाज येतो, आणि मुले पुन्हा जोरात म्हणू लागतात.